चेहऱ्याचं हर्बल तेल घरी करायचंय? आधी तेल काय घेतं आणि काय सोडून देतं ते बघा

चेहऱ्यासाठी हर्बल तेल घरी करायचं म्हटलं की बहुतेक जण सुरुवात वनस्पतीपासून करतात, म्हणजे गुलाब घालू की हळद, कोरफड चालेल का, तुळशीचा पाला टाकला तर पिंपल्स जातील का, आणि तेलाचा विचार सगळ्यात शेवटी, जे हाताशी असेल ते. मला हे अगदी उलटं वाटतं. बाटलीत शेवटी जे उरतं ना त्यात जवळजवळ सगळं तेलच असतं, वनस्पतीतून आलेला भाग अगदी थोडा, त्यामुळे तुमच्या त्वचेला ते मानवणार की नाही हे आधी तेलावरच ठरतं. आणि वनस्पतीतलं नेमकं काय बाटलीत उतरणार हेसुद्धा तेलच ठरवतं, आपण नाही. हे एकदा नीट कळलं की कुठलीही रेसिपी समोर आली तरी ती जमणारी आहे की नुसतीच ऐकायला छान आहे हे तुम्हालाच सांगता येईल.

तर आधी तेच बघू. एका पानात किंवा फुलात शेकडो वेगवेगळी रसायनं असतात, काही पाण्यात विरघळणारी, काही तेलात, काही दोन्हीत धड नाही. तेलात पाला भिजत घातला की तेलात विरघळणारं तेवढं बाहेर येतं, बाकीचं चोथ्यात तसंच राहतं आणि आपण ते गाळून फेकून देतो. कॅलेंड्युला या झेंडूसारख्या दिसणाऱ्या फुलाच्या पाकळ्यांचा केशरी रंग कॅरोटिनॉइड्सचा असतो, ते तेलात छान उतरतात म्हणून ते तेल सोनेरी दिसतं. गाजराचंही तसंच. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही पण तेलात थोडंफार येतं, म्हणून तेल पिवळं होतं आणि मग चेहरा आणि उशीचा अभ्राही. गुलाब आणि जास्वंदीचा लाल रंग मात्र अँथोसायनिनचा, तो पाण्यात जातो, तेलात नाही. त्यामुळे गुलाबाच्या पाकळ्या महिनाभर तेलात बुडवून ठेवल्या तरी तेल गुलाबी होत नाही, आणि कुणी लालचुटुक "गुलाब तेल" दाखवत असेल तर त्यात रतनज्योतीसारखं तेलात रंग सोडणारं काहीतरी पडलंय किंवा सरळ रंगच घातलाय. गुलाबाच्या वासाचंही थोडं असंच आहे, त्यातला एक मोठा सुगंधी घटक, फेनिल इथाइल अल्कोहोल, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून गुलाबपाणी घमघमतं आणि घरी मुरवलेलं गुलाबाचं तेल त्यामानाने फिकं राहतं. तुमचं काही चुकलेलं नसतं.

आता कोरफड. सगळ्यात जास्त विचारली जाते आणि तेलासाठी सगळ्यात कमी कामाची. कोरफडीच्या गरात ९८-९९% पाणीच असतं आणि त्यातलं जे गुळगुळीत, गार वाटणारं आहे ती पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) पाण्यातली आहेत, ती तेलात येतच नाहीत. मग होतं काय, तर तुम्ही तेलात गर टाकता, दोन्ही वेगळं होतं, गाळताना पाण्याचे बारीक थेंब तेलात राहून जातात आणि काही दिवसांनी बाटलीला आंबूस वास येतो. कोरफड लावायची तर ताजी, वेगळी लावा, तेलात नको. ग्रीन टीतले कॅटेचिन्स, लिंबाच्या रसातलं व्हिटॅमिन सी, ही सगळी पाण्याच्या बाजूची मंडळी, तेलात त्यांचा उपयोग नाही.

ज्येष्ठमध मधलं उदाहरण आहे. त्यातलं गोड लागणारं ग्लिसिरायझिन पाण्यात जातं, पण ग्लॅब्रिडिन नावाचा घटक तेलाकडे झुकणारा आहे आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला तो अडवतो म्हणून कॉस्मेटिक कंपन्या तो वापरतात. पण त्या वापरतात एकाग्र केलेला अर्क, मोजून, आणि आपण घरी मुळीचा चुरा तेलात मुरवतो तेव्हा त्यातला किती उतरला हे मोजायला आपल्याकडे काहीच नसतं. म्हणून ज्येष्ठमधाचं तेल करा, पण दोन आठवड्यांत डाग जातील ही अपेक्षा धरू नका. कॅमोमाईल मला चेहऱ्यासाठी चांगलं वाटतं कारण त्यातलं बिसाबोलोल तेलात येतं आणि ते त्वचेला शांत करणारं आहे. मात्र जर्मन कॅमोमाईलचं तेल निळं असतं असं वाचून घरच्या तेलात निळा रंग शोधू नका, तो रंग कॅमॅझुलीनचा, आणि ते फुलात तयार नसतंच, वाफेने अर्क काढताना उष्णतेने बनतं. घरी मुरवलेलं तेल पिवळट-हिरवटच राहणार.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण इथे खरंच त्रास होऊ शकतो. कॅलेंड्युला आणि आपला नेहमीचा झेंडू ही दोन वेगळी झाडं आहेत. दिसायला सारखी, रंगही तोच, पण झेंडू म्हणजे टॅजेटिस, आणि त्याच्या सुगंधी तेलात असे घटक असतात जे त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. इंटरनॅशनल फ्रेग्रन्स असोसिएशन या सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाच्या संस्थेने त्या तेलावर फार कडक मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे रेसिपीत कॅलेंड्युला लिहिलं असेल तर कॅलेंड्युलाच, त्याच्या जागी झेंडू चेहऱ्यावर नको.

आता मूळ तेलाकडे येऊ, जे मी म्हटलं तसं खरं महत्त्वाचं.

तेल म्हणजे मुख्यतः फॅटी ॲसिड्सची, म्हणजे चरबीच्या मूळ घटकांची, जुळणी. त्यातली दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे, लिनोलेइक आणि ओलेइक. लिनोलेइक जास्त असलेली तेलं हलकी लागतात, आणि त्वचेच्या वरच्या थरात पाणी अडवून धरणारी जी भिंत असते तिच्यासाठी लिनोलेइक ॲसिड लागतंच. ओलेइक जास्त असलेली तेलं जड, मऊ, छान मुरल्यासारखी वाटणारी, पण ओलेइक ॲसिड त्याच भिंतीतल्या चरबीची शिस्तबद्ध रचना विस्कळीत करतं. याच्यावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे, १९ प्रौढांचा, त्यात हातावर दिवसातून दोनदा काही आठवडे तेल लावलं गेलं, तर ऑलिव्ह तेलाने त्वचेची भिंत कमकुवत झाली आणि हलकी लालीही आली, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. अभ्यास लहान आहे, हातावरचा आहे, तरी ज्यांची त्वचा कोरडी, एक्झिमाकडे झुकणारी आहे त्यांनी ऑलिव्ह तेल चेहऱ्याला रोज लावू नये असं मला वाटतं. पिंपल्स येणाऱ्या लोकांच्या त्वचेवरच्या तेलात लिनोलेइक कमी असतं हेही दिसून आलेलं आहे, म्हणून तेलकट त्वचेसाठी लिनोलेइकवाली तेलं सुचवली जातात.

मग कुठलं घ्यायचं? द्राक्षाच्या बियांचं तेल, साधं सूर्यफुलाचं तेल, रोजहिपचं (रानगुलाबाच्या फळातल्या बियांचं) तेल, ही लिनोलेइक जास्त असलेली. सूर्यफुलाच्या बाबतीत लेबल बघा, कारण हाय-ओलेइक नावाची एक जात असते, तिच्यात ओलेइक ८०% च्या आसपास जातं, म्हणजे नाव तेच आणि स्वभाव पूर्ण वेगळा. बदामाच्या तेलात ओलेइक जास्त, साधारण ६०-७०%, कोरड्या त्वचेला बऱ्याच जणांना मानवतं, पण सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर हात लावू नका. तिळाचं तेल मधोमध, दोन्ही ॲसिड्स साधारण सारखी, आणि त्यात सेसमोलसारखे नैसर्गिक अँटिऑक्सिडंट असतात त्यामुळे ते चटकन खवट होत नाही, फक्त त्याला स्वतःचा वास असतो आणि तिळाची ॲलर्जीही काहींना असते. नारळाचं तेल टिकतं छान, पण त्यात लॉरिक ॲसिड जवळजवळ अर्धं, आणि चेहऱ्यावर पिंपल्स येणाऱ्यांना ते अनेकदा नडतं. केसांना, हातापायांना खुशाल लावा. मोहरीचं तेल चेहऱ्याला नकोच, ते झोंबतं, आणि ते झोंबणं म्हणजे "काम करतंय" असं नसून त्वचेची जळजळ आहे.

जोजोबा या सगळ्यात वेगळं, कारण रसायनशास्त्राप्रमाणे ते तेलच नाही, पातळ मेण आहे, वॅक्स एस्टर्स. आपल्या त्वचेतून जे सीबम येतं त्यातही साधारण पाव भाग वॅक्स एस्टर्सच असतात म्हणून जोजोबा बहुतेकांच्या चेहऱ्याला मानवतं. शिवाय ते फार सावकाश खराब होतं, नीट ठेवलं तर दोन वर्षं आरामात. थंडीत १० अंशांच्या खाली ते गोठतं, तेव्हा घाबरू नका, बाहेर ठेवलं की परत पातळ होतं. पहिल्यांदाच तेल करणाऱ्याला मी हेच सांगेन की जोजोबा घ्या, किंवा अर्धं जोजोबा अर्धं सूर्यफूल.

कॉमेडोजेनिक रेटिंगचे तक्ते तुम्ही पाहिले असतील, ० ते ५ आकडे असलेले, ५ म्हणजे रोमछिद्रं हमखास बंद करणारं. ते अंदाज म्हणून ठीक आहेत, पण ते आकडे बरेचसे सशांच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांतून आलेत आणि माणसाच्या चेहऱ्यावर तसंच होईल असं नाही. स्वतःच्या त्वचेवर दोन-तीन आठवडे काय होतंय ते बघणं जास्त खरं.

एक अपवाद मात्र आहे. कपाळावर, केसांच्या कडेला बारीक बारीक, एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या येत असतील किंवा नाकाच्या बाजूला, भुवयांत कोंड्यासारखी सालं निघत असतील तर त्यामागे मलासेझिया नावाचं यीस्ट असू शकतं. ते सगळ्यांच्याच त्वचेवर राहतं आणि फॅटी ॲसिड्सवर जगतं, म्हणजे आपण तेल लावून त्याला खायलाच घालतो. अशा वेळी कितीही चांगली वनस्पती घातलेली असो, वनस्पतीजन्य तेलं बंद ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता प्रत्यक्ष कृती. वनस्पती पूर्ण सुकलेली हवी, आणि पूर्ण म्हणजे पूर्ण, पान बोटात धरलं की चुरा झाला पाहिजे, पाकळी कडक वाजली पाहिजे, वाकली तर अजून ओलावा आहे. सावलीत, हवेशीर जागी सुकवा कारण उन्हात रंग आणि सुगंधी घटक उडतात. फुलांचा मधला हिरवट भाग सगळ्यात उशिरा सुकतो, कॅलेंड्युलात तर नक्कीच, तिथे ओल राहते आणि पाकळ्या कोरड्या दिसल्या म्हणून आपण फसतो. मग वजन करून घ्या, एक भाग सुकी वनस्पती आणि पाच ते दहा भाग तेल, वजनाने, म्हणजे २० ग्रॅम पाकळ्यांना १०० ते २०० ग्रॅम तेल. पाकळ्या फुगीर असतात, १०० ग्रॅम तेलात त्या बुडणारच नाहीत, तिथे १:१० धरा, मुळीचा चुरा असेल तर १:५ चालतं. वर काहीही तरंगत राहायला नको, जे हवेत उघडं राहतं तिथूनच बुरशी सुरू होते. वनस्पती हाताने जराशी चुरगळा, एकदम पीठ करू नका नाहीतर नंतर गाळता गाळता जीव जाईल.

थंड पद्धत म्हणजे कोरड्या काचेच्या बरणीत हे सगळं घालून चार ते सहा आठवडे ठेवायचं, पहिला आठवडाभर रोज हलवायचं. बरणी खिडकीत उन्हात ठेवा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, माझं मत आहे की उबदार जागा चालेल पण थेट ऊन नको, कारण उजेडाने तेल ऑक्सिडाइज होतं, म्हणजे हवेतला ऑक्सिजन लागून खवट व्हायला लागतं, आणि आपण वनस्पती मुरवायच्या नादात तेलच म्हातारं करून ठेवतो. ठेवायचीच असेल तर बरणीला जाड तपकिरी कागद गुंडाळा.

गरम पद्धत लवकर होते. खाली पातेल्यात पाणी, वर कोरडं भांडं, त्यात तेल आणि वनस्पती, आणि तेलाचं तापमान ४५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आत ठेवून दोन ते चार तास. थर्मामीटर नसेल तर खालचं पाणी वाफाळलेलं दिसलं पाहिजे पण खळखळ उकळायला नको, आणि वनस्पती तळली जातेय असा आवाज कधीच यायला नको. वरच्या भांड्यावर घट्ट झाकण ठेवू नका, आतल्या ओलाव्याची वाफ झाकणाला लागते, थेंब होतात आणि ते थेंब तेलात पडतात, एवढं सगळं कोरडं करून शेवटी इथे पाणी घुसतं. पातळ कोरडं फडकं टाका. आणि ओतायच्या आधी भांड्याची बाहेरची बाजू, विशेषतः बूड, पुसून घ्या, तिथलं पाणी काठावरून थेट बाटलीत जातं, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही.

गाळताना आधी मलमलचं फडकं, मग कागदाचा फिल्टर. फडकं पिळायचा मोह होतो, शेवटचं तेल चोथ्यात अडकलेलं असतं ना, पण चोथ्यात चुकून ओलावा असेल तर तोही त्याच पिळण्यात बाहेर येतो, म्हणून ते शेवटचं पिळलेलं तेल वेगळं ठेवा आणि आधी वापरून टाका. मुख्य तेल एक रात्र उंच ग्लासात स्थिर ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे राहिलेलं पाणी आणि गाळ तळाशी बसतो, धुरकट थर किंवा बारीक गोळे दिसतात, वरचं स्वच्छ तेल अलगद काढून घ्या आणि तळाचं सोडून द्या.

या पाण्यावर मी एवढा जोर देतोय त्याचं कारण सांगतो. शुद्ध तेलात जंतू वाढत नाहीत कारण त्यांना वाढायला पाणी लागतं. पण पाण्याचा थोडा जरी अंश आत अडकला तरी तिथे बुरशी आणि बॅक्टेरिया वाढू शकतात, आणि बाहेरून तेल दिसायला चांगलंच दिसतं. आणि चेहरा म्हणजे डोळे, ओठ, फुटलेली पिंपल्स, जंतूंना आत शिरायला जागाच जागा.

आयुर्वेदातल्या तैलपाकाने, म्हणजे औषधी तेल शिजवायच्या पद्धतीने, हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे, आणि मला तो विचार फार आवडतो. तिथे एक भाग कल्क म्हणजे वनस्पतीची चटणी, चार भाग तेल आणि सोळा भाग काढा किंवा दुसरा द्रव असं सामान्य प्रमाण असतं, म्हणजे पाणी मुद्दाम भरपूर घालतात आणि मग मंद आचेवर ते सगळं पाणी उडेपर्यंत तेल शिजवतात. पाणी संपलं हे ओळखायच्या खुणाही दिलेल्या आहेत, कल्काची बोटांत वळून वात झाली पाहिजे, ती वात आगीवर धरली तर तडतड आवाज यायला नको, आणि तेलावर फेस आला पाहिजे. तडतडणं म्हणजे पाणी अजून आहे, इतकी साधी आणि अचूक परीक्षा. फक्त यात तेल तासन् तास तापतं, त्यामुळे रोजहिप किंवा द्राक्षाच्या बियांसारखी नाजूक तेलं याला चालत नाहीत, तिळाचं तेल टिकतं, आणि ही तेलं तिळाच्या तेलात करायची रीत का पडली असेल ते इथे समजतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने मात्र सुकी वनस्पती आणि मंद उष्णता हाच रस्ता धरावा, उकळत्या तेल-पाण्याचे शिंतोडे फार वाईट भाजतात.

तेल तयार झालं, आता ते टिकवायचं. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. जंतू वाढणं वेगळं आणि खवट होणं वेगळं. खवट होणं म्हणजे हवेतला ऑक्सिजन तेलाला लागून ते मोडणं, याला उजेड आणि उष्णता मदत करतात. व्हिटॅमिन ई याला उशीर लावतं, पण ते जंतू अजिबात मारत नाही, म्हणून "व्हिटॅमिन ई घातलंय, आता खराब होणार नाही" हे अर्धंच खरं. १०० ग्रॅम तेलाला अर्धा ग्रॅम पुरतं. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे, औषधाच्या दुकानातल्या व्हिटॅमिन ई कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा टोकोफेरिल ॲसिटेट असतं, ते बाटलीतल्या तेलाला वाचवत नाही, कारण ऑक्सिडेशन रोखणारी त्याची रासायनिक बाजू ॲसिटेटने झाकलेली असते. तुम्हाला नुसतं टोकोफेरॉल किंवा मिश्र टोकोफेरॉल्स हवेत, लेबलवर शेवटचा शब्द वाचा.

बाटल्या गडद काचेच्या, लहान, धुऊन पूर्ण वाळवलेल्या, आणि गळ्यापर्यंत भरलेल्या असाव्यात म्हणजे आत हवा कमी राहते. मोठ्या एका बाटलीपेक्षा तीन छोट्या बऱ्या, एक उघडायची आणि बाकीच्या थंड अंधाऱ्या जागी. ड्रॉपरची काच चेहऱ्याला टेकवू नका, ओल्या बोटांनी बाटली हाताळू नका. बाटलीवर तेलाचं नाव, वनस्पती आणि तारीख लिहा, आत्ता वाटतं लक्षात राहील पण राहत नाही. रोजहिप, द्राक्षाच्या बिया यांची तेलं सहा महिन्यांच्या आत संपवा, बदाम-सूर्यफूल त्याहून थोडं जास्त, जोजोबा सगळ्यात जास्त. जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास आला, तेल चिकट लागायला लागलं, की टाकून द्या, पायाला लावू म्हणूनही ठेवू नका.

इसेन्शियल ऑइल हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याच्याशी मुरवलेल्या तेलाची गल्लत करू नका. ते वाफेने किंवा साल दाबून काढलेलं अतिशय तीव्र सुगंधी द्रव्य असतं, थेट चेहऱ्यावर कधीच नाही. घालायचंच तर चेहऱ्यासाठी ०.५%, फार तर १%, म्हणजे ३० मिली तेलात साधारण तीन थेंब, जास्तीत जास्त सहा. लिंबू, लाइम, बर्गमॉट यांची साल दाबून काढलेली तेलं ऊन लागल्यावर त्वचा भाजवू शकतात, बर्गमॉटची इंटरनॅशनल फ्रेग्रन्स असोसिएशनची मर्यादा ०.४% आहे, पण मी तर म्हणेन चेहऱ्यासाठी ही घेऊच नका. दालचिनी आणि लवंगेची तेलंही नकोत. लॅव्हेंडर आणि टी ट्री सौम्य म्हणून खपतात, पण बाटली जुनी होऊन त्यातले घटक ऑक्सिडाइज झाले की तीच ॲलर्जी आणणारी होतात. खरं सांगायचं तर वासासाठी त्वचेला हा धोका का द्यायचा, मला पटत नाही. बिनवासाचं तेल चालतं की.

लावताना तेलाकडून नेमकं काय मिळतं ते माहीत असू द्या. तेल त्वचेत पाणी घालत नाही, असलेलं पाणी उडून जाऊ देत नाही, म्हणून चेहरा धुतल्यावर जरा ओलसर असतानाच, किंवा मॉइश्चरायझरच्या वरून, दोन ते चार थेंब, बस. त्वचा मऊ होते, ओढल्यासारखी वाटत नाही, कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा कमी दिसतात. त्वचेचा मूळ रंग बदलत नाही, खोल सुरकुत्या जात नाहीत आणि उन्हापासून संरक्षण मिळत नाही. गाजराच्या बियांच्या तेलाला मोठा एसपीएफ असतो हे जे फिरत असतं त्यावर विश्वास ठेवून उन्हात जाऊ नका. तेल रात्रीच लावलेलं बरं, सकाळी सनस्क्रीनच्या थरात ते मध्ये येतं.

पहिल्यांदा लावायच्या आधी चाचणी कराच, आणि एका दिवसाची नाही. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या घडीजवळ, एकाच लहानशा जागी दिवसातून दोनदा सात ते दहा दिवस लावा, कारण ॲलर्जी बऱ्याचदा पहिल्या दिवशी दिसतच नाही. सूर्यफूल, डेझी, शेवंती या कुळाची ॲलर्जी असेल तर कॅलेंड्युला आणि कॅमोमाईल दोन्ही त्याच कुळातले. एका वेळी एकच वनस्पती घाला, पाच एकत्र घातल्या आणि पुरळ आलं तर कुणामुळे आलं कसं कळणार? एक्झिमा, रोझेशिया (चेहऱ्यावर सतत लाली येण्याचा आजार) असेल किंवा त्वचेवर औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गरोदर असाल तर इसेन्शियल ऑइल्सबद्दल नक्कीच.

आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी हे आवर्जून सांगतो, अशा त्वचेवर जळजळ किंवा पुरळ बरं झालं तरी मागे काळसर डाग राहतात आणि ते जायला कित्येक महिने लागतात. डाग घालवायला म्हणून झोंबणारं तेल लावायचं आणि त्यानेच नवे डाग यायचे, असं खूप होतं. लाली, खाज, आग, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी थांबा, सौम्य क्लेन्झरने धुवा, वर दुसरा कुठलाही घरगुती उपाय लावू नका. डोळ्यांभोवती सूज आली, फोड आले किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना. आणि जाताना ती बाटली, लेबलसकट, सोबत न्या, आत काय काय आहे हे डॉक्टरांना कळलं तर पुढे कुठल्या घटकाची पॅच टेस्ट करायची ते त्यांना ठरवता येतं.